कोकणातला यंत्रावरचा गोठा: काय आधी घ्यावे, काय नंतर आणि काय घेऊच नये

कृषी प्रदर्शनात मांडलेली दुग्धव्यवसायाची बहुतेक यंत्रे घाटावरच्या गोठ्यासाठी बेतलेली असतात. कोरडी हवा, पंधरा-वीस संकरित गाई, बारमाही मका आणि दारापर्यंत येणारा टँकर असा तो हिशोब. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात यातले फारसे काही गृहीत धरता येत नाही. गोठ्यात चार ते दहा जनावरे, हवेत खार आणि दमटपणा, चार महिने धो धो पाऊस आणि वाऱ्याची झुळूक आली तरी जाणारी वीज. तेच यंत्र इथे वेगळे वागते. आधी गाईच्या गळ्यातले सेन्सरचे कॉलर आणि धुके सोडणारे फॉगर, मग उरलेल्या पैशात छप्पर, असा उलटा क्रम लावणाऱ्याचे पहिल्याच पावसाळ्यात घोडे अडते. खाली दिलेला क्रम चार ते दहा जनावरांच्या गोठ्यासाठी आहे.

आधी हे जमवा

कागद:
- सातबारा, आठ-अ आणि सहहिस्सेदारांचे संमतीपत्र
- गोठ्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. लागू असल्यास जातीचा दाखला
- गोठ्याच्या जागेचे वीजबिल किंवा नव्या जोडणीचा अर्ज
- यंत्रांची दरपत्रके, जीएसटी क्रमांकासह

किरकोळ साधने:
- डिजिटल तापमान-आर्द्रता मापक
- मल्टिमीटर
- सीएमटी (लपलेला कासदाह ओळखायची चाचणी) पॅडल आणि त्याचे द्रावण
- काळ्या जाळीचा धार-पेला (स्ट्रिप कप)
- लॅक्टोमीटर, दुधाचा थर्मामीटर
- गमबूट, प्रत्येक माणसाला एक जोड

गमबूट यादीत शोभेला नाहीत. कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेले पाणी आणि पायाला असलेली एखादी चीर एवढे त्याला पुरते.

१. सातबारा आणि भाऊबंद

कोकणातला सातबारा म्हणजे पंधरा-वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत आणि दोन-चार हयात नसलेल्यांची. बँक आणि अनुदानाची फाइल नेमकी इथेच अडते. चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात तेव्हाच संमतीपत्रावर सह्या घेऊन ठेवा. वारसनोंद बाकी असेल तर तलाठ्याकडे अर्ज आधी, गोठ्याचा पाया नंतर.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनांचे अर्ज महाबीएमएस पोर्टलवर ठरावीक मुदतीत भरले जातात. अनुदान हवे असेल तर मंजुरी हातात येण्याआधी खरेदी करू नका. आधीच्या तारखेचे बिल सहसा बाद होते. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळते, त्याची बँकेत वेगळी चौकशी करा.

२. छप्पर

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. दुपारचे ऊन आत येत नाही आणि पावसाचा मुख्य मारा अरुंद पश्चिम बाजूवर येतो. ती बाजू चिऱ्याने बंद करा किंवा तिला जाड पडदा लावा. दोन्ही लांब बाजू मात्र उघड्याच हव्यात. कडेची उंची १० फूट, मध्ये १४-१५ फूट, आढ्याला हवा जायला फट आणि पागोळ्या गोठ्यात पडू नयेत म्हणून तीन फूट पुढे काढलेले छप्पर. एका गाईला उभे राहायला साडेपाच-सहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा धरा. जमिनीला ६० फुटांमागे एक फूट उतार द्या. त्याहून कमी दिलात तर मूत्र साचते, जास्त दिलात तर गाभण जनावर घसरते.

पत्रे ठोकताना हात आखडू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडाले. वारा पत्र्याला कडेने आणि कोपऱ्यातून उचलतो, म्हणून मधल्या भागापेक्षा कडेला आणि आढ्याजवळ स्क्रू दुप्पट दाट लावा, रबरी वायसरसह. खाऱ्या हवेत साधे रंगवलेले लोखंडी अँगल दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतात. गरम जस्ताचा मुलामा दिलेले घ्या, आणि वेल्डिंगच्या जागी मुलामा जळलेला असतो तिथे झिंक रंग मारून घ्या. गंज बहुतेक वेळा त्याच जागेपासून चालायला लागतो.

रबरी मॅट चांगल्या, पण जांभ्याच्या खडबडीत फरशीवर त्यांच्या खाली शेणमूत साचते. आठवड्यातून एकदा उचलून धुणार असाल तरच घ्या.

३. उष्मा मोजा, मग पंखे घ्या

नवख्या माणसाचे सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर.

जनावराला होणारा त्रास नुसत्या तापमानावर ठरत नाही. त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक, म्हणजे टीएचआय, वापरतात. तापमान अंश सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत:

टीएचआय = (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

आकडा ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईला ताण सुरू होतो. आता घाटावरची दुपार धरा: ३६ अंश, आर्द्रता २५ टक्के. उत्तर येते सुमारे ८१. मालवण किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर उत्तर सुमारे ८५. तापमान चार अंशांनी कमी आणि त्रास जास्त. घाम सुकत नाही, एवढेच कारण.

फॉगर इथे का फसतो हेही त्यातच आले. फॉगर पाण्याचे धुके करतो, ते हवेत विरते आणि विरताना हवा गार होते. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे धुके विरतच नाही. गोठ्यात वाफारा कोंडतो, आंबोण ओले होते, अंग चिकट होते आणि गाय पूर्वीपेक्षा जास्त धापा टाकते. विक्रेता प्रात्यक्षिक घाटावर देतो आणि ते तिथे खरेच चालते, त्यामुळे त्याला खोटे ठरवता येत नाही.

किनाऱ्यावर काम करते ते असे: मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर आणि जोराचे पंखे आलटून पालटून. एक ते दोन मिनिटे पाणी, पाठीचे केस कातडीपर्यंत भिजतील इतके. मग पाणी बंद आणि १२-१५ मिनिटे फक्त पंखा. पुन्हा पाणी. साधा टायमर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह यावर हे सगळे आपोआप चालते, मोबाइल ॲपची गरज नाही. पाणी कुशीवरून ओघळून कासेवर येऊ लागले तर वेळ कमी करा, कारण तेच पाणी सडांवर जंतू आणते. पावसाळ्यात स्प्रिंकलर बंद, पंखे चालू. पंखे एकाच दिशेने फुंकतील असे लावा, समोरासमोर लावले तर मधल्या जनावराला हवाच लागत नाही.

४. वीज

मिल्किंग मशीनच्या एक एचपी मोटरला सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. घरचा इन्व्हर्टर त्या क्षणी बसतो. वीज गेल्यावर धार काढायची तर तीन केव्हीएचा जनरेटर घ्या, नाहीतर पेट्रोल इंजिनाची सोय असलेले मशीन घ्या. हाताने धार काढणारे एक माणूस वाडीत असू द्या, हा तिसरा मार्ग स्वस्त आहे आणि कधी बंद पडत नाही.

अर्थिंगकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, त्यामुळे वायरमनने ठोकलेली चार फुटी कांब मे महिन्यात नावापुरतीच उरते. कोळसा-मीठ भरून खोल खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावाच.

माणसाला कळतही नाही असा एक-दोन व्होल्टचा गळता दाब गाईला कळतो, कारण तिचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात आणि तोंड लोखंडी पाणीपात्रात. गाय पाणी जिभेने चाटल्यासारखे पिते, धारेच्या जागी यायला नाखूश असते, पान्हा चोरते. लोक तिला नजर लागली म्हणतात किंवा डॉक्टर बोलावतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक पाणीपात्राला आणि दुसरे ओल्या फरशीला लावा. एक व्होल्टच्या वर दिसले की वायरमन बोलवा.

५. जनावर आणि कानातला टॅग

शुद्धतेकडे झुकलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय किनाऱ्यावर आणू नका. घाटावर २० लिटर देणारी ती गाय इथे मे महिन्यात धापा टाकत उभी राहते आणि उलटू लागते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. जर्सी संकर किंवा मुऱ्हा, पंढरपुरी म्हैस बरी. म्हशीला मात्र डुंबायला किंवा अंगावर पाणी घ्यायला सोय हवी. कोकण कपिला काटक आहे, पण दूध कमी. यंत्रांचा खर्च तिच्या दुधातून निघणार नाही.

खरेदी दसऱ्यानंतर करा. टॅगचा बारा अंकी क्रमांक विक्रेत्यासमोर भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदीत तपासून घ्या: वय, वेत, लसीकरण जुळते का ते पाहा आणि मालकी तुमच्या नावावर करून घ्या. टॅगशिवाय वाहतूक, विक्री, सरकारी दवाखाना आणि विमा, सगळेच अडते. टॅग तुटला तर त्याच दिवशी दवाखान्यात आणि विमा कंपनीला कळवा. जनावर मेल्यावर टॅग नसेल तर दावा फेटाळला जातो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

६. मिल्किंग मशीन

चार जनावरांपर्यंत मशीन परवडत नाही, कारण धुण्यातच धारेइतका वेळ जातो. सहाच्या पुढे एका बकेटचे, एका क्लस्टरचे (सडांना लावायच्या चार कपांच्या जुडग्याचे) मशीन पुरते. एक माणूस तासाला आठ-दहा गाई काढतो.

गाईसाठी व्हॅक्यूम ४२ ते ५० किलोपास्कल, म्हणजे गेजवर साडेबारा ते पंधरा इंच, आणि पल्सेटरचे (ओढ थांबवत-चालू करत राहणाऱ्या भागाचे) ठोके मिनिटाला ६० च्या आसपास. म्हशीचे सड जाड आणि कडक, त्यामुळे तिला व्हॅक्यूम थोडा जास्त आणि वेगळे लायनर (कपाच्या आतले रबर) लागतात. दुकानदार दोन्हींसाठी एकच लायनर गळ्यात मारतो, ते घेऊ नका.

धारेचा क्रम:

अ) पहिल्या दोन-तीन धारा पेल्यात. गाठी दिसल्या तर ते जनावर शेवटी आणि हाताने.

आ) सड पुसा. प्रत्येक जनावराला वेगळे फडके, कास भिजवायची नाही.

इ) सडांना हात लागल्यापासून साठ ते नव्वद सेकंदांत क्लस्टर लावा. पान्हा या वेळात उतरतो आणि थोड्या मिनिटांत ओसरतो. चार गाई आधी पुसून ठेवून मग मशीन फिरवणे ही सर्रास होणारी चूक, तिने तिसरी-चौथी गाय अर्धीच निघते.

ई) धार मंदावली की आधी व्हॅक्यूम बंद, मग क्लस्टर काढा. चालू व्हॅक्यूमवर ओढून काढले तर सडाचे तोंड दुखावते आणि दूध उलटे सडात ढकलले जाते.

उ) लगेच अर्धा टक्का आयोडिनच्या द्रावणात सड बुडवा. जनावराला अर्धा तास बसू देऊ नका, समोर वैरण टाका.

रिकाम्या सडावर मशीन चालू राहिले तर सडाचे टोक पांढरे, खरखरीत होते. हाताने चाचपलेत तर बारीक कडी लागते. ती लागली की मशीन एक-दीड मिनिट आधी काढायला शिका. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक सडाची सीएमटी करा: पॅडलच्या प्रत्येक खळग्यात दूध आणि द्रावण समसमान, दहा सेकंद फिरवा. चिकट झाले तर लपलेली दगडी (कासदाह) आहे.

म्हैस नवे मशीन लगेच घेत नाही. आधी दोन-तीन दिवस शेजारी नुसते मशीन चालू ठेवा, हाताने धार काढा. आठवडाभरात बहुतेक म्हशी सरावतात. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन कोणी सुचवले तर त्याला गोठ्याबाहेर काढा.

*धुणे.* धार संपताच कोमट पाणी, हाताला सोसेल इतके. थेट कढत पाणी ओतले तर दुधातली प्रथिने नळ्यांच्या आतून शिजून चिकटतात. मग सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात अल्कली डिटर्जंट, ते ओढून ब्रशने घासा, मग साधे पाणी. आठवड्यातून एकदा आम्लाचे द्रावण. खाडीजवळच्या विहिरीचे पाणी जड असेल तर दोनदा. आम्ल आणि क्लोरीनयुक्त डिटर्जंट कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. नळ्या उलट्या टांगा. दमट हवेत त्या आतून सुकत नाहीत, म्हणून सकाळी धार काढण्यापूर्वी पुन्हा एकदा पाणी ओढून घ्या.

लायनरचे आयुष्य साधारण अडीच हजार धारा. सहा गाई, दोन वेळा, एक क्लस्टर, म्हणजे दिवसाला बारा. सात महिने भरतात, पण रबर दमटपणात लवकर फुगते, तेव्हा सहा महिन्यांनी बदला.

७. दूध थंड करणे आणि फॅट

दोन तासांच्या आत रतिबाला किंवा संकलन केंद्रावर दूध जात असेल तर कुलरचा विचार नको. बल्क कुलर, म्हणजे दूध थंड ठेवणारी मोठी टाकी, गावाने मिळून घ्यायची गोष्ट आहे. संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत ठेवायचे असेल तर बर्फ पुरतो. वीस लिटरचा कॅन आधी विहिरीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ढवळा, दूध ३५ वरून २८ अंशांवर येते. तिथून दहा अंशांवर आणायला चार-पाच किलो बर्फ लागतो. थेट बर्फात ठेवले तर सहा-सात किलो. सकाळचे गरम दूध संध्याकाळच्या थंड दुधात कधीही मिसळू नका.

संकलन केंद्रावरचे अल्ट्रासॉनिक मशीन हवेच्या बुडबुड्यांनी फसते. मशीनने काढलेल्या ताज्या दुधावर फेस असतो, आणि फेसासकट नमुना गेला की फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे चुकतात. लॅक्टोमीटरही ताज्या दुधात कमी दाखवतो. कॅन वरपासून खालपर्यंत ढवळून, फेस बसू देऊन नमुना द्या. दोन-तीन दिवस आकडा खाली येत असेल तर भांडायच्या आधी धार पूर्ण निघते का ते बघा. शेवटच्या धारांत फॅट सर्वात जास्त असतो, मशीन लवकर काढले तर तोच कासेत राहतो. तरीही खात्री पटत नसेल तर त्याच नमुन्याची गर्बर चाचणी (फॅट मोजायची रासायनिक पद्धत) मागा.

थेट रतीब घालणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. सहकारी संस्थेचा सभासद होऊन सगळे दूध तिलाच घालणाऱ्याला ती लागत नाही. गणपती आणि मे महिन्यात वाडीतली मागणी एकदम वाढते, म्हणून निम्मे दूध रतिबाला ठेवणे बरेच जण पसंत करतात. तसे केलेत की सूट गेली, हे लक्षात ठेवा.

८. वैरण

हायड्रोपोनिक चाऱ्याचे यंत्र घेऊ नका. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो हिरवा चारा होतो खरा, पण वाढते ते पाणी. कोरड्या वजनात मक्याचे दाणे घातले त्यापेक्षा कमीच हाती येते. त्यात आपल्या हवेत ट्रेमध्ये बुरशी धरते, ती वेगळीच.

त्याऐवजी फुले जयवंतसारखे संकरित नेपिअर लावा: ९० बाय ६० सेंटिमीटरवर ठोंबे, पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दीड महिन्याने. जांभ्या जमिनीत जनावरामागे सहा ते आठ गुंठे धरा. दोन एचपीचे कुट्टी यंत्र ही या सगळ्या यादीतली पहिल्या दिवसापासून पैसे देणारी वस्तू. अख्खा चारा टाकला तर बराचसा पायाखाली जातो.

भाताचा पेंढा निकस, पण घरचा असतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून थर देत शिंपडा, प्लॅस्टिकखाली हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर तासभर वास जाऊ द्या, मग खायला घाला. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. युरिया नीट विरघळला नाही तर विषबाधा होते, तेव्हा अंदाजपंचे काम नको.

घाटावरून येणारी मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याची) बॅग लहान घ्या. मोठी बॅग उघडली की दमट हवेत तिसऱ्या दिवशी गरम होऊन बुरशी धरते. हात घालून पाहा, कोमट लागली तर वरचा थर फेकून द्या. पशुखाद्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते, आणि उकळल्याने ते जात नाही.

९. रेतन आणि कॉलर

लिंगनिर्धारित रेतमात्रेने (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेल्या कृत्रिम रेतनाच्या मात्रेने) साधारण ९० टक्के कालवडी होतात. तिच्यात शुक्राणू कमी असतात, म्हणून गर्भधारणेचे प्रमाण साध्या मात्रेपेक्षा खाली येते. निरोगी कालवडीला किंवा पहिल्या वेताच्या गाईला वापरा, दोनदा उलटलेल्या गाईला नको. मात्रा कंटेनरमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद ठेवायची असते. रेतन करणारा ती हातात चोळून गरम करत असेल तर त्याला थांबवा.

कॉलर माज आणि रवंथ मोजतो. निरोगी गाय दिवसाला सात-आठ तास रवंथ करते, ते घटले की आजार एखादा दिवस आधी कळतो. मुका माज, म्हणजे बाहेरून न दिसणारा माज, असलेल्या म्हशीत याचा खरा फायदा. पण दहाच्या खाली जनावरे असतील तर सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे बघणे आणि एकवीस दिवसांचे कॅलेंडर पुरते. घ्यायचाच असेल तर चार प्रश्न विचारा: नेटवर्क नसताना नोंद साठते का, दरवर्षी किती भरायचे, बॅटरी किती वर्षे, आणि पाणी शिरले तर हमी कोणाची.

१०. मे महिन्यात आणून ठेवायच्या वस्तू

पावसात घाट बंद पडला तर सुटा भाग येत नाही. लायनरचा एक पूर्ण संच, पल्सेटरचा डायफ्राम, व्हॅक्यूम पंपाचे तेल आणि पट्टा, कुट्टी यंत्राची दोन पाती, आयोडिन, सीएमटी द्रावण, एक जादा आरसीसीबी. घटसर आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. दोडामार्ग, सावंतवाडीच्या जंगलाला लागून चरायला सोडत असाल तर गोचिडांतून माणसाला होणाऱ्या माकडतापामुळे त्यांचा बंदोबस्त वर्षभर ठेवा आणि गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नका.